गळती नाही, वास नाही

शिळफाट्यावरून गाडी खालापूरच्या रस्त्याला लागली आणि श्रद्धा म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय." पुण्याच्या एसटीतून ती आत्ताच उतरली होती, बॅग अजून मांडीवरच होती. सहदेव ठोंबरे म्हणाला, राब जाळत असतील. मार्च लागला होता, रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरांत लोकांनी पालापाचोळा आणि शेण पसरून राब पेटवले होते, आणि धूर जमिनीलगत पडून राहिला होता. तो त्याला दिसत होता. श्रद्धाने काच वर केली. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, बाहेरचा नाही हा, काच लावल्यावर जास्तच येतोय, तेल करपल्यासारखा. त्याने मुद्दाम श्वास ओढून घेतला. हवा आत गेली, गरम होती, कोरडी होती, आणि तिच्यात काही नव्हतं. त्याने पुन्हा ओढला. श्रद्धाने ओढणी नाकाला लावली होती. तिच्याकडे बघून त्याला वाटलं, ही उगाच करते आहे; लहानपणीही गाडी लागते म्हणून असंच करायची. मग बॉनेट आणि काच यांच्यामधल्या फटीतून निळसर, केसाएवढी बारीक रेघ वर आली आणि वाऱ्याने काचेवर आडवी झाली. त्याने गाडी बाजूला घेतली, मागची वाहनं जाऊ दिली आणि वळवून पुन्हा शिळफाट्याला आणली.

संतोषचं गॅरेज टायरवाल्याच्या शेजारी होतं. एकोणीस वर्षांची ही गाडी संतोषच्या वडिलांच्या वेळेपासून तिथेच येत होती. संतोषने बॉनेट उघडलं, खाली वाकला, मोबाईलचा उजेड इंजिनच्या मागच्या अंगाला टाकला आणि म्हणाला, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय. सहदेव म्हणाला, गळते ती क्रँकच्या सीलमधून, मला माहीत आहे, मी खाली पुठ्ठा टाकून ठेवतो. पुठ्ठ्यावर रोज सकाळी रुपयाएवढा डाग पडायचा. तो वाढत नाही ना एवढं तो बघायचा. आयुष्यभर पंपांची सीलं बदललेला माणूस होता तो. झिजलेलं सील किती दिवस ओढता येतं याचा अंदाज त्याला होता, आणि क्रँकच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायला लागतो म्हणून तो ते काम पुढे ढकलत होता. संतोष म्हणाला, ते वेगळं काका, ते खाली पडतं म्हणून दिसतं. हे वरचं. हे गळतं ते सरळ सायलेन्सरच्या पाइपावर पडतं, तो तापलेला असतो, तिथंच जळून जातं. खाली थेंब यायचाच नाही. त्याने स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने रबराचा तुकडा उचकटून सहदेवच्या हातावर ठेवला. रबर कसलं, बिस्कीट झालं होतं. बोटांत धरताच मोडलं. संतोष म्हणाला, "हे काय आठपंधरा दिवसांचं नाय. सहा महिने तरी झाले असतील. गाडीत बसलं की वास मारत असंल. तुमाला नाय आला?"

सहदेव नाही म्हणाला. संतोषने त्याच्याकडे पाहिलं, मग श्रद्धाकडे, आणि तो पान्हा आणायला आत गेला. बाकड्यावर पार्ट धुवायचा ट्रे होता, त्यात पेट्रोल होतं, तळाशी काळा गाळ बसलेला. सहदेव त्याच्यावर वाकला. पेट्रोलचा गारवा नाकपुड्यांच्या कडांना लागला, डोळ्यांच्या कोपऱ्यात किंचित चुरचुरलं. तेवढंच. पाण्यावर वाकल्यासारखं. त्याने ट्रेच्या कडेचं तेलाचं फडकं उचलून नाकावर दाबलं आणि तसाच उभा राहिला. श्रद्धा म्हणाली, बाबा, काय करताय. तो म्हणाला, वास येत नाहीये मला. ती जवळ आली. कसलाच नाही? कसलाच नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, कोविड झाला होता ना तुम्हाला, एकवीस साली, तेव्हाच गेला असणार, माझ्या ऑफिसातल्या दोघांचा अजून परत आलेला नाही. तिने हे इतक्या सहज सांगितलं की त्यालाही ते सहज वाटलं. कोविड. एकवीस साल. तो बाकड्यावर बसला. त्याच्या मनात कुठेतरी एक हिशेब आपोआप मांडला गेला आणि आपोआपच बरोबर निघाला. तो कसला हिशेब होता हे त्याने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. फक्त, एकवीस साल आहे म्हणजे ठीक आहे, असं काहीतरी वाटलं, आणि संतोष नवीन पॅकिंग बसवत होता ते तो बघत राहिला.

घरी आल्यावर श्रद्धाने आईला सांगितलं. प्रमिला कोशिंबिरीला काकडी चोचवत होती. तिने हात धुतले, डब्यातून हिंगाची डबी काढली, झाकण उघडून त्याच्यापुढे धरली. मग कापूर. मग निम्मा चिरलेला कांदा. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं. परीक्षेला बसवल्यासारखा तो खुर्चीत बसून होता आणि प्रत्येक वेळी मान हलवत होता. श्रद्धा पुन्हा म्हणाली, कोविडमुळे. प्रमिलाने कांदा ताटलीत ठेवला. ती म्हणाली, कोविड नाही गं. तुझी बारावीची परीक्षा चालू होती तेव्हा, आपण मोहोपाड्याला कॉलनीत होतो, मी तुला सोडायला गेले होते आणि दूध उतू जाऊन गॅस विझला होता. परत आले तर जिन्यापर्यंत गॅसचा वास. आणि हे स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले. मी खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, किती बोलले मी यांना, आठवतंय का तुम्हाला? त्याला आठवत होतं. त्याने तेव्हा म्हटलं होतं की पेपरात लक्ष होतं. त्याला स्वतःलाही तेच खरं वाटलं होतं. प्रमिला म्हणाली, त्याच्यानंतर भाजी करपली तरी तुम्ही गुपचूप खायचे. लसणीची फोडणी दिली तरी तसंच, नाही दिली तरी तसंच. मी नवीन अत्तर आणलं होतं श्रद्धाच्या मावशीकडच्या लग्नाला. ती थांबली. मग म्हणाली, "मला वाटायचं, तुम्हाला कशाचंच काही राहिलेलं नाही." हे ती रागाने म्हणाली नाही. आठ वर्षं बंद असलेलं कपाट उघडून आत बघावं तशी ती त्याच्याकडे बघत होती. श्रद्धा बारावीला होती ते सतराचं साल. सतरा. त्याने बोटांवर मोजलं नाही, पण आकडे एकामागे एक उभे राहिले. सतरा, मग एकोणीस, मग एकवीस. एकोणीस मधे होतं.

एकोणीस सालच्या एप्रिलमध्ये पहिल्या पाळीला सात नंबरच्या पंपाजवळ आग लागली होती. रसायनीच्या केमिकल कंपनीत तो तेव्हा मेंटेनन्सचा सुपरवायझर होता. फिटर म्हणून लागला तेव्हा बावीस वर्षांचा होता, खालापूरच्या शेतकऱ्याचा मुलगा, आणि पहिल्या दोन वर्षांतच त्याच्या नाकाची ख्याती झाली होती. पाइपांच्या जंगलात उभं राहून तो सांगायचा, तीन नंबरच्या पंपाचं सील जाणार, आज नाही पण परवा. गॅस पकडणारे मीटर येण्याआधीचे दिवस ते. इंजिनियर नवीन पोरांना सांगायचे, ठोंबऱ्याला विचारा, गळती त्याच्या नाकाला आधी कळते. पुढे मीटर आले, ते बिघडले, दुरुस्त झाले, पण नाकाची गोष्ट राहिली. रोज पाळीत दोनदा त्याची फेरी असायची. सॉल्व्हंटचे पंप होते, गोडसर वासाचं सॉल्व्हंट, हातावर पडलं तर फुंकर मारल्यासारखं गार लागून क्षणात उडून जायचं. गळलं तरी खाली ओल राहायची नाही. कळायचं ते वासानेच. त्या सकाळी दहा वाजता तो सात नंबरपाशी उभा राहिला होता, हे त्याला स्पष्ट आठवत होतं. त्याने पंपाच्या अंगावर हात ठेवून थरथर पाहिली होती आणि लॉगबुकात लिहिलं होतं: दहा वाजता, पंप सात, गळती नाही, वास नाही. दहा-चाळीसला कशाची तरी ठिणगी पडली. कंत्राटदाराकडचा हेल्पर रोहिदास तिथे जमीन खरवडून साफ करत होता. कर्जतच्या अंगाला डोंगराखालच्या वाडीतला ठाकूर आदिवासी, तिशीचा, अकरा वर्षं त्याच प्लँटमध्ये. भडका उडाला आणि बसला, फोम येईपर्यंत सगळं मिळून चार मिनिटं. रोहिदासचे दोन्ही हात, मान, छातीची डावी बाजू जळली.

चौकशी झाली तेव्हा टेबलाच्या पलीकडे तिघे बसले होते. पंपाचं सील आगीत जळून गेलं होतं, ते आधी झिजलं होतं का हे बघायला काही उरलं नव्हतं. ड्रेनचा व्हॉल्व्ह अर्धा वळलेला सापडला होता. आग विझवताना कुणी वळवला की आधीपासून तसा होता, हे सांगणारं कुणी नव्हतं. हेल्पर लोक हातांचं ग्रीस काढायला ड्रेनमधून वाटीभर सॉल्व्हंट काढून घेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. रोहिदासने जबाबात म्हटलं होतं की वास सकाळपासूनच येत होता. सहदेवला त्यांनी विचारलं, दहा वाजता वास होता? तो म्हणाला, नव्हता. नक्की? नक्की. कुणी त्याच्यावर दबाव आणला नाही, कुणी त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं नाही. हे तो नंतर कधीकधी स्वतःशी म्हणायचा आणि त्यातून त्याला एक प्रकारचा स्वच्छपणा वाटायचा. दहाला वास नव्हता, दहा-चाळीसला भडका उडाला, म्हणजे मधल्या वेळात ड्रेन उघडला गेला. इतकं सरळ होतं ते. रोहिदास स्वतःला वाचवायला खोटं बोलतो आहे, याचं त्याला वाईटही वाटलं होतं. अहवालात कामगाराचा निष्काळजीपणा असं आलं. रोहिदासला काढून टाकलं, आणि कंत्राटदारांची आपसात जी यादी असते तिच्यात त्याचं नाव गेलं, त्यामुळे मोहोपाड्यापासून खोपोलीपर्यंतच्या कुठल्याच गेटवर त्याला पुन्हा कुणी घेतलं नाही. हे सहदेवला माहीत होतं. कानावर आलं होतं. आल्यावर त्याने म्हटलं होतं, काय करणार.

संध्याकाळी अंगणात बसून तो ते सगळं पुन्हा मांडत होता आणि त्याला काही होत नव्हतं. छातीत धस्स व्हावं, घाम फुटावा, असं काहीतरी होईल म्हणून तो वाट बघत होता. समोर शेजाऱ्याचा राब अजून धुमसत होता. तो वाऱ्याच्या दिशेने जाऊन त्या धुरात उभा राहिला. डोळे झोंबले, घसा खरखरला. लहानपणी त्याचा बाप राब पेटवायचा तेव्हा त्या वासाने भूक लागायची. का ते कुणाला सांगता आलं नसतं, पण लागायची. तो वास आठवायचा त्याने प्रयत्न केला आणि त्याच्या लक्षात आलं की वास होता हे आठवतं, बाप आठवतो, बापाच्या लंगोटीवरची राख आठवते, वास आठवत नाही. कधी गेला? एका दिवशी गेला की सील झिजतं तसा, रोज थोडा? गेला तेव्हा त्याला कसं कळलं नाही? मग वाटलं, नाही तेच कसं कळणार. त्याने दहा वाजता श्वास घेतला होता, त्यात काही नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं की काही नाही. खोटं लिहिलं नव्हतं. हे वाक्य त्याने दोनतीनदा मनात म्हणून पाहिलं. ते खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. प्रमिला दारात येऊन उभी राहिली. त्याने तिला रोहिदासचं सगळं सांगितलं, जसं टेबलापलीकडच्या तिघांना सांगितलं होतं तसं, क्रमाने. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं की तो राहतो कुठे. मग म्हणाली, सकाळी लवकर निघा, उन्हं व्हायच्या आत.

त्याने निघताना फुलस्केप कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घेतले. श्रद्धा येते म्हणाली. तो नको म्हणाला. चौक गावावरून कर्जतच्या रस्त्याला लागल्यावर डावीकडे माथेरानचा डोंगर सगळा सोबत चालत राहतो. गाडीचा आवाज बदलला होता, पॅकिंग बसल्यावर थोडा बंदिस्त झाला होता. वाडी त्याला साधारण माहीत होती. एकदा रस्ता रोको होता म्हणून त्याने चौघा हेल्परांना याच गाडीतून फाट्यापर्यंत सोडलं होतं. रोहिदास मागच्या सीटवर मधे बसला होता आणि सीटला तेलकट कपडे लागू नयेत म्हणून पूर्ण वेळ पुढे वाकून राहिला होता. हे त्याला आत्ता आठवलं. डांबरी संपली तिथे त्याने गाडी लावली आणि पायवाटेने वर गेला. वाटेत विचारलं. तिसरं घर, मांडव असलेलं.

रोहिदास मांडवात बसून बांबूच्या कामट्या काढत होता. डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटून एक झाली होती, म्हणून बांबू त्याने पायाने धरला होता आणि उजव्या हाताने कोयता चालवत होता. मानेवरचं कातडं ओढल्यासारखं चकचकीत होतं. त्याने वर पाहिलं, ओळखलं, कोयता बाजूला ठेवला. "या सायेब," तो म्हणाला. आवाजात काही नव्हतं. त्याची बायको गोदा आतून आली, सहदेवकडे पाहून तिथेच थांबली, मग गोणपाट आणून तिने त्याच्यासाठी अंथरलं. पलीकडे तिची म्हातारी आई, भागी, सुपात मोहाची फुलं निवडत होती. सहदेव गोणपाटावर बसला. येताना गाडीत त्याने बोलायचं जुळवून ठेवलं होतं, कसा आहेस, कसं चाललंय, तिथून सुरुवात करायची असं. पण समोर तो हात होता.

"रोहिदास, मला वास येत नाही," तो म्हणाला. "कसलाच येत नाही. आग लागली तेव्हाही येत नव्हता. मला काल कळलं."

रोहिदास त्याच्याकडे बघत राहिला. "काल?" त्याने विचारलं.

"काल."

म्हातारीचं सूप थांबलं. मग रोहिदास सावकाश म्हणाला, "आमाला वाटलं, तुमाला ठाऊक हाय."

तो सांगत गेला, मान खाली घालून, एक कामटी हातात फिरवत. तुमी टाकीच्या बाजूला बसून डबा खायचे, तो म्हणाला, जिथं आमी नाकाला फडका बांधून जायचो तिथं. दोन वर्सं आमी बघत व्हतो. हसायचो पन. ठोंबरे सायबाचं नाक मेलं असं बोलायचो. मग कधीतरी हसायचं पन बंद झालं, सवय झाली. सहदेवने विचारलं, मला का नाही सांगितलं कुणी. रोहिदासने वर पाहिलं, प्रश्न त्याला कळला नसावा तसं. सायबाला कोन सांगनार, तो म्हणाला. पुढे म्हणाला, चौकशीत त्याने सांगितलं होतं. लिहून घेणाऱ्याला म्हणाला होता, ठोंबरे सायबांना वास येत नाय, सगल्या हेल्परांना इचारा. तर लिहिणारा म्हणाला होता, तुला कसं ठाऊक, तू डॉक्टर हायेस का. आणि ते लिहिलं नव्हतं. बाकीच्या हेल्परांना कुणी बोलावलं नव्हतं. "मला वाटलं, तुमी नोकरीसाठी खोटं बोललात," रोहिदास म्हणाला. "सहा वर्सं मी तेच धरून व्हतो."

सहदेवला वाटलं, आपणही सहा वर्षं हेच धरून होतो, फक्त उलट बाजूने. पण हे बोलायची गोष्ट नव्हती. त्याने फोल्डर उघडला, कागद काढला आणि म्हणाला, मी सगळं लिहून देतो, कंपनीला, कारखाने बघणाऱ्या सरकारी ऑफिसला, एक प्रत तुला. रोहिदास म्हणाला, लिवा. सहदेवने फोल्डर मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. तारीख, नाव, हुद्दा, पंप सात. अक्षर लॉगबुकातल्यासारखंच येत होतं, सुटं आणि उजवीकडे कललेलं. दहा वाजता मी तेथे वास नसल्याची नोंद केली. माझी वास घेण्याची शक्ती त्याआधी किमान दोन वर्षांपासून गेलेली होती. त्यामुळे सदर नोंद आणि माझा जबाब ग्राह्य धरू नये. रोहिदास याने सकाळपासून वास येत असल्याचे सांगितले होते ते खरे मानावे. लिहून झाल्यावर रोहिदास म्हणाला, वाचून दाखवा. त्याने वाचून दाखवलं. रोहिदासने एक दुरुस्ती सांगितली: सकालपासून नाय, आदल्या दिवशी संध्याकालपासून वास व्हता, मी कंत्राटदाराच्या मानसाला बोललो व्हतो. सहदेवने ते घातलं.

पुढे त्या कागदाचं व्हायचं ते झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडून तो रजिस्टर पोस्टाने गेला, पावसाळ्यात सहदेवला दोनदा बोलावणं आलं, एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं की इतक्या वर्षांनी कसं लक्षात आलं, आणि त्याने टॅपेट कव्हरच्या पॅकिंगचं सांगितलं तेव्हा पेन थांबवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दिवाळीनंतर एक ओळीचं उत्तर आलं: उपलब्ध पुराव्यांवरून कामगाराचा दोष सिद्ध होत नाही. त्या ओळीने हाताची बोटं सुटली नाहीत. पण ते सगळं नंतरचं.

त्या सकाळी, त्याने सही केली आणि पेनाचं टोपण लावलं, तेव्हा इतका वेळ खांबाला टेकून उभी असलेली गोदा पहिल्यांदा बोलली. तिने विचारलं, दवाखान्यात तुमी काय बोललात ते लिवलं का? सहदेवला कळेना. तो दवाखान्यात गेला होता हे त्याला आठवत होतं. मोसंबी नेली होती, पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेला रोहिदास, खाटेच्या पायाशी उभी असलेली ही. काय बोललो ते आठवत नव्हतं. काहीतरी चारचौघांत बोलतात तसं, बरा होशील वगैरे.

"तुमी बोललात, रोहिदास, खरं काय ते सांगून टाक," गोदा म्हणाली. "मी तितं व्हते. मला वाटलं, एवढा मोठा मानूस, मोसंबी घेऊन आलेला, हा कशाला खोटं बोलंल. घरी आल्यावर मी पन ह्याला तेच इचारायला लागले. खरं सांग. रोज इचारायचे. दोन वर्सं इचारत व्हते."

रोहिदास कामटीकडे बघत होता. तो म्हणाला, जाऊं दे गं. गोदा म्हणाली, जाऊं दे कसं. आणि नंतर इचारायचं सोडलं, ती म्हणाली, ते पटलं म्हनून नाय. कंटालून सोडलं. पलीकडून भागी म्हातारी म्हणाली की मी पन बोलत व्हते ह्याला, आणि सुपातली फुलं पुन्हा हलवू लागली.

सहदेवने पेनाचं टोपण काढलं. सहीच्या वर जागा नव्हती, म्हणून त्याने कागद उलटला. पाठीमागे लिहिलं: आग लागल्यानंतर पाचव्या दिवशी मी रोहिदासला दवाखान्यात भेटलो व त्याच्या पत्नीसमोर त्याला म्हणालो की खरे काय ते सांगून टाक. तो तेव्हा खरेच सांगत होता. खाली पुन्हा सही केली. असल्या कागदात हे लिहीत नाहीत, कुठल्याच ऑफिसला याचं काही करता येणार नाही, हे त्याला कळत होतं. त्याने ते मोठ्याने वाचलं. आवाज त्याचाच होता, कोरडा, पाळीची नोंद वाचून दाखवावी तसा. आता तरी काही होईल, असं त्याला वाटलं. झालं नाही. ऊन मांडवातून खाली आलं होतं आणि त्याच्या पायांवर पडलं होतं, ते गरम लागत होतं.

"ऐकलंस का गं गोदे?" रोहिदास म्हणाला.

"ऐकलं," ती म्हणाली आणि आत गेली.

आत चूल फुंकल्याचा आवाज आला. रोहिदासने कागद मागितला, दोन्ही बाजू बघितल्या, वाचता येत नसल्यासारखा नाही, वाचून झाल्यावरही बघत राहावं तसा, आणि घडी न घालता म्हातारीच्या सुपाखाली ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून. सहदेव निघतो म्हणाला. रोहिदास म्हणाला, बसा, चा होतोय. मग दोघे बसून राहिले. डोंगराच्या कड्यावरून एक घार खाली येत होती, तिच्याकडे दोघांनी पाहिलं. गोदा काळ्या चहाचे दोन पेले घेऊन बाहेर आली. गोणपाटावरच्या पाहुण्यापाशी न थांबता ती पुढे गेली, पहिला पेला तिने रोहिदासच्या समोर ठेवला, त्याच्या उजव्या हाताला, आणि तो त्याने उचलेपर्यंत तिथेच वाकून थांबली. मग वळून दुसरा तिने सहदेवला दिला.